हिला काय विचारायचं

रफूच्या कामाला विजेचा दिवा चालत नाही. दिव्याखाली काळा आणि गर्द निळा सख्खे भाऊ दिसतात, आणि उन्हात नेले की एकमेकांना ओळखही देत नाहीत. म्हणून सकाळचा चहा झाला, भांडी पालथी घातली की आत्या आपल्या खोलीतल्या खिडकीशी बसायची, ती ऊन सरकेपर्यंत. त्या दिवशी मांडीवर एका वकिलाचा कोट होता. बाहीला सिगारेटचं भोक, आणि वकीलसाहेबांचं ठाम म्हणणं होतं की ते लाँड्रीवाल्याने पाडलं. आत्याने कोटाची आतली दुमड उसवून तिच्यातले धागे एकेक करून ओढून काढले होते. भोक ज्या कापडाला, धागा त्याच कापडाचा, हा रफूचा पहिला धडा. बाजारातला धागा कितीही मिळताजुळता आणा, दोन धुण्यांत तो आपण पाहुणे असल्याचं दाखवतोच.

असा धागा सुईत असताना फोन वाजला तर हात हलतो. म्हणून फोन बंद करून ती कपाटावर ठेवायची. घरात दुसरं कुणी नव्हतं. दादा आणि वहिनी सकाळीच दवाखान्यात गेले होते, भाची शिकायला दुसऱ्या गावी होती. ही भाची लहानपणी जी हाक मारायची तीच सगळ्या गल्लीने उचलली होती. वहिनी तिला आत्या म्हणे, दूधवाला आत्या म्हणे, आणि वयाने तिच्या आईच्या जागी शोभतील अशा वरच्या मजल्यावरच्या काकूही आत्याच म्हणत.

दारावर थाप पडली ती या काकूंची. आत्याने दार उघडलं तेव्हा काकूंना जिन्याने दम लागला होता आणि डोळे भरून आले होते.

"फोन कशाला बंद ठेवतेस गं? जुळलं."

"काय जुळलं?"

"आता मलाच विचार. तुझं जुळलं. वहिनीचा फोन आला तुझ्या. रडत होती बिचारी आनंदाने. म्हणाली, आत्याला सांगा, जुळलं, अगदी पूर्ण जुळलं." काकूंनी तिला छातीशी धरलं. सुई टोचू नये म्हणून आत्याने हात लांब धरला. "उशिरा का होईना, चीज झालं बाई तुझं. काय करतो?"

"कोण काय करतो?"

"मुलगा गं. म्हणजे मुलगा कसला आता, पन्नाशीला आला असेल. बायको वारली का त्याची?"

आत्याच्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. तिला हसू आवरेना, आणि हसता हसता ती दारातल्या स्टुलावर बसली.

"काकू, माझं दादाशी जुळलंय."

काकूंचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"रक्त जुळलं हो. त्याला द्यायच्या पेशी. मागे आम्ही सगळ्यांनी नमुने दिले होते ना."

"मेलं माझं डोकं," काकू म्हणाल्या, आणि मग दोघी हसत बसल्या. काकू निघताना पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "पण हे त्याच्याहून मोठं हो. भावाला जीवदान देणार तू." आणि जिना चढताना भेटेल त्याला त्यांनी ही बातमी दिली. आत्या कोटाकडे परत आली तेव्हा आपण काहीतरी देणार आहोत हे तिच्याआधी निम्म्या इमारतीला माहीत झालं होतं.

दादा शाळेची बस चालवायचा. मानेत गाठी आल्या, अंगातलं बळ गेलं, तेव्हा पोरांच्या दप्तरांना लाथा घालून घालून थकलो असेन म्हणाला. निघाला रक्ताचा कॅन्सर, तोही लाखात एखाद्याला होणारा. नाव इतकं लांब की डॉक्टरसुद्धा कागदाकडे बघून वाचायचे. "एवढं लांबलचक नाव आहे," दादा म्हणाला, "घराणं चांगलं असणार." औषधांनी गाठी विरघळल्या, पण हा आजार गेला तरी दारामागे उभा असतो, परत येतोच, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. उपाय एकच होता. दादाच्या हाडांच्या पोकळीत जिथे रक्त तयार होतं तो जुना कारखाना जबर औषधांनी पुरता बंद पाडायचा, आणि दुसऱ्या कुणाच्या मूळ पेशी तिथे नेऊन वसवायच्या. स्टेम सेल ट्रान्सप्लांट. पण त्या पेशी जुळायला हव्यात. मुलगी अर्धीच जुळली, बायकोचा प्रश्नच नव्हता. पूर्ण जुळली ती बहीण.

दुपारी वहिनी आली ती दारातूनच आत्याच्या गळ्यात पडली. चप्पलही काढली नव्हती. दादा मागे उभा राहून म्हणाला, "बारके, जन्मभर भांडलीस माझ्याशी, शेवटी माझ्यासारखीच निघालीस." आत्याला खरोखर आनंद झाला होता, हे आधी सांगायला हवं. दादावर तिचा जीव होता. तो जगावा यापलीकडे तिचं त्या घटकेला काही मागणं नव्हतं.

मग वहिनीने डोळे पुसले, चप्पल काढली आणि तिची नजर आत्याच्या हातातल्या कोटावर गेली.

"ती सुई ठेव आधी."

"अगं, एवढा टाका..."

"टाका नाही नि बिका नाही. बोटात गेली आणि पिकलं म्हणजे? तू आता तुझी नाहीस, आत्या. तू दवाखान्याची." आणि तिने सुयांचा डबा उचलला, तो थेट स्वतःच्या कपाटात, दागिने ठेवायच्या खणात. वकीलसाहेबांचा कोट अर्धवट परत गेला. गिऱ्हाइकं आली की वहिनीच दारातून सांगायची, "सध्या काम बंद आहे, ती आता जपून राहायची आहे." आत्या मागे उभी राहून मान हलवायची.

तळहातावरच्या फोडासारखं जपणं म्हणजे काय ते तिला पुढच्या दिवसांत कळलं. फोडाला विचारत कोण बसतं? बाजारात जायचं नाही, कुणी शिंकेल. काकूंच्या नातवाला सर्दी आहे, वर जायचं नाही. पाण्याची बादली उचलायची नाही. सकाळी दूध आणि अंडं, दुपारी दूध आणि अंडं, आणि ग्लास रिकामा होईपर्यंत वहिनी समोर उभी. एकदा आत्या म्हणाली, "वहिनी, मला अंड्याचा वास येतोय आता स्वतःला." तर वहिनी हसलीसुद्धा नाही. "आलेला बरा," म्हणाली.

वहिनी वाईट नव्हती. वाईट असती तर सोपं झालं असतं, वाईट माणसाशी भांडता तरी येतं. ती घाबरलेली होती. घाबरलेल्या माणसाच्या मुठीत जे सापडतं ते तो सोडत नाही, आणि तिच्या मुठीत आत्या सापडली होती. नातेवाइकांचे फोन यायचे. वहिनी सांगायची, "दाता शोधत फिरावं लागलं नाही हो. आत्या आहे ना. हिला काय विचारायचं, घरचीच तर आहे." हे ती कौतुकाने म्हणायची. आत्या पलीकडे भाजी निवडत असायची.

आणि वहिनीचं तरी काय चुकलं? आत्याला कधी कुणी काही विचारलंच नव्हतं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा आत्या कापडाच्या दुकानात नोकरीला होती. नोकरी सोड असं कुणी म्हटलं नाही. कुणी काही म्हटलंच नाही. एक दिवस ती घरी राहिली, मग दुसरा दिवस राहिली. आई गेली तोवर दुकानात दुसरी मुलगी आली होती. मग भाची झाली, तिला सांभाळायला कोण? लग्नाचं म्हणाल तर दोन स्थळं आली होती, पण तेव्हा घरात काही ना काही चालू असायचं. आत्या होती. भिंतीला खुंटी असते तशी होती. येता-जाता जो तो आपलं ओझं अडकवायचा, आणि खुंटीला जड झालं का असं विचारायची कुठे पद्धत नसते.

दवाखान्यात दात्याचे डॉक्टर वेगळे असतात. पेशंटच्या डॉक्टरांनी दात्याला गळ घालू नये म्हणून ही सोय. आत्याला आत बोलावलं तशी वहिनीही पर्स सावरत उठली. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही बाहेर बसा."

"मी वहिनी आहे हिची."

"हो. बाहेर बसा."

दार लागलं. खोली छोटी होती. एक टेबल, वजनकाटा, पडदा नसलेली खिडकी. डॉक्टर वयाने तिचे भाचे शोभले असते. त्यांनी खुर्ची तिच्याकडे वळवली.

"तुम्हाला हे करायचंय का?"

"कधी यायचं?" आत्याने विचारलं.

"ते नंतर सांगतो. आधी, करायचंय का?"

आत्याला वाटलं आपण ऐकण्यात चुकलो. "माझं पूर्ण जुळलंय ना पण."

"ते तुमच्या रक्ताने सांगितलं. मी तुम्हाला विचारतोय."

तिला या प्रश्नाचं उत्तर माहीत नव्हतं असं नाही. पण प्रश्न इतका अनोळखी होता की त्याला बसायला कुठली खुर्ची द्यावी हे तिला कळेना.

"आणि नाही म्हटलं तर?" ती म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज ऐकून तिने दाराकडे बघितलं.

"तर आम्ही बाहेर एवढंच सांगू की हा दाता चालणार नाही. का ते सांगणार नाही. तुमच्या भावाला नाही, वहिनीला नाही, कुणालाच नाही."

म्हणजे बाहेर पडायला वाट होती. कुणाला पत्ता लागणार नव्हता. आत्याने त्या वाटेवरून मनातल्या मनात चार पावलं जाऊन पाहिलं. तिकडे दादा नव्हता. ती परत आली आणि म्हणाली, "करायचंय मला."

"नक्की?"

"नक्की."

"मग एक नीट ऐका. आम्ही त्यांना जबर औषधं सुरू केली की त्यांचं स्वतःचं रक्त तयार होणं थांबेल. त्या दिवसानंतर तुम्ही मागे फिरलात तर ते वाचणार नाहीत. तोवर केव्हाही सांगा."

ती बाहेर आली तशी वहिनी ताडकन उठली. "एवढा वेळ काय विचारत होते?"

"माझं वजन," आत्या म्हणाली.

आत्याने ताकास तूर लागू दिली नाही, पण घरी जाताना रिक्षात ती एकच गोष्ट मनात घोळवत होती. आपल्याला कुणीतरी विचारलं होतं. एका परक्या माणसाने, त्याच्या नोकरीचा भाग म्हणून. पण विचारलं होतं, आणि आपण हो म्हटलं होतं. ते हो घरात दाखवायला काही जागा नव्हती, कारण घरात ते आधीच गृहीत धरलेलं होतं.

दादा आत गेला. दुहेरी दारांच्या खोलीत, काचेआड. औषधं सुरू झाली त्या सकाळी आत्याला जिना उतरताना अशी भीती वाटली की तिने कठडा दोन्ही हातांनी धरला. पाय मुरगळला तर? ताप आला तर? रस्त्यात काही झालं तर? आता तिचं शरीर म्हणजे दुसऱ्याची ठेव होती, आणि तिला ती सोबत घेऊन फिरावं लागत होतं. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, तिथे निदान हलायला जागा असते. ती दिवसभर खुर्चीत बसून राहिली. वहिनीला पहिल्यांदा तिला काही सांगावं लागलं नाही.

मग तिला इंजेक्शनं सुरू झाली, पेशी हाडांतून रक्तात उतराव्यात म्हणून. हाडं आतून अशी ठणकायची की कुणी लाटणं फिरवतंय. आणि नंतर ते यंत्र. एका हातातून रक्त जाणार, यंत्र त्यातल्या हव्या त्या पेशी वेचून ठेवणार, उरलेलं दुसऱ्या हातातून परत. दोन्ही हात सरळ, हलवायचे नाहीत. सकाळपासून दुपारपर्यंत. ओठांना मुंग्या आल्या, आणि मग नाकाला खाज सुटली. आत्याने बराच वेळ दम धरला.

"सिस्टर," ती शेवटी म्हणाली, "नाक खाजवता का माझं?"

"डावीकडे की मधे?"

"कुठेही चालेल हो."

सिस्टरने कापसाने खाजवलं. "आणखी काही?"

आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आणखी काही हवं का, हा प्रश्न तिला त्या घरात कुणी शेवटचा कधी विचारला होता ते तिला आठवेना. "नको," ती म्हणाली.

पिशवीत जे जमलं ते विटकरी रंगाचं होतं आणि फार थोडं होतं. एवढ्यासाठी एवढं, असं तिला वाटून गेलं. दुसऱ्या दिवशी काचेआडून दादा फोनवर बोलला. डोक्यावर केस नाहीत, भुवया नाहीत, बसमधली पोरं ज्याला घाबरायची तो हा माणूस नव्हताच.

"काय बारके. पोचलीस आत?"

"पोचले. पसारा फार आहे तुझ्यात."

"डॉक्टर म्हणतात माझा रक्तगटसुद्धा बदलून तुझा होणार. म्हणजे आता मी पण तुझ्यासारखा कुजकट बोलणार." तो दम घेऊन हसला. "तू कोटाची दुमड उसवतेस ना, तसं झालं हे. भोक मला, धागा तुझा."

"हो," आत्या म्हणाली. "आणि दुमडीला कुणी विचारत नाही."

फोनमध्ये खरखर होती. त्याला वाटलं तिने विनोद केला. तो पुन्हा हसला आणि अंगठा वर केला. तिनेही केला.

तो घरी आला तेव्हा घरात एकच खोली त्याच्या कामाची होती. स्वतंत्र न्हाणीघर, मोठी खिडकी, भरपूर उजेड. आत्याची. ती दवाखान्यातून दादाची औषधं घेऊन परतली तोवर पलंग हलला होता, भिंती पुसून झाल्या होत्या आणि तिचं रफूचं टेबल पाय मुडपून स्वयंपाकघराच्या बोळात उभं केलेलं होतं.

"तुला काय, तू कुठेही झोपतेस," वहिनी म्हणाली. "हो की नाही?"

हा प्रश्न नव्हता. आत्याची गादी बोळात पडली. दिवसा ती गुंडाळून ठेवायची, कारण तिथूनच जायला-यायला वाट. सुया परत मिळाल्या, पण बोळात दिवाच होता, आणि दिव्याखाली काळा आणि निळा ओळखू येईनात. तिने एका बाईची शाल तशीच दुरुस्त केली. बाई ती घेऊन परत आली, उन्हात धरून म्हणाली, "हे काय हो आत्या?" आत्याने हात जोडून पैसे परत केले. त्यानंतर काम आपसूक आटलं. तिच्याजवळ आता एकच काम उरलं, दादाच्या खोलीबाहेर मास्क लावून उभं राहणं आणि काय हवं ते विचारणं.

दादा सुधारत होता. केस आले, ते आधीपेक्षा मऊ आले. काकू जिन्यात थांबून म्हणायच्या, "बघ, बहिणीचे केस आलेत." आणि आत्या हसायची. तिलाही ते बघायला आवडायचं. खोटं कशाला बोला, त्या दिवसांत कधी कधी ती खूप सुखी असायची.

मग तपासणीत निघालं की तिच्या पेशी त्याच्या रक्तात कमी होताहेत आणि त्याच्या जुन्या पेशी पुन्हा डोकं वर काढताहेत. आजार परतला नव्हता, पण दार किलकिलं झालं होतं. डॉक्टर म्हणाले, बहिणीच्या रक्तातल्या लढाऊ पेशी पुन्हा काढून देऊ. एकदा देऊ, लागलं तर पुन्हा देऊ. थोड्या थोड्या.

त्या संध्याकाळी जेवणं चालली होती. दादा आपल्या खोलीच्या उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसला होता, वहिनी टेबलाशी. वहिनीचा फोन वाजला, तिच्या बहिणीचा होता. "हो गं, परत घ्यायच्यात. नाही, काही अडचण नाही. देईल की. घरातच आहे. हे आता वर्षभर चालणार म्हणे, बरं झालं ती आपल्याकडेच असते." फोन ठेवून तिने आत्याकडे पाहिलं. "मंगळवारी सकाळी निघायचं. उद्यापासून दूध चालू कर. आणि त्या सुया दे इकडे."

आत्याने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. ती उभीच होती.

"काय झालं?" वहिनी म्हणाली. "दुखतं म्हणून घाबरलीस का? या वेळी इंजेक्शनं नाहीत, डॉक्टर म्हणाले."

"दुखण्याचं नाही."

"मग? आत्या, आता असं नको गं करू. माझा जीव राहील का?" वहिनीचा आवाज चिरकला. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता, आणि आत्याला तिची खरोखर दया आली. जरा थांबून बोलावं, उद्या बोलावं असंही वाटलं. उद्या दूध सुरू होणार होतं.

"बारके," दादा म्हणाला. त्याने मास्क खाली केला. "बोल ना."

ती वहिनीकडे न बघता त्याच्याकडे वळली.

"मी देणार आहे दादा. मंगळवारी देईन, पुढेही लागेल तेव्हा देईन. त्याची काळजी करू नका दोघं."

"मग अडलंय कुठे?" वहिनीने विचारलं.

"मला कुणी विचारलेलं नाही."

"अगं, यात विचारायचं काय? तुझा भाऊ आहे तो."

"म्हणूनच," आत्या म्हणाली. "दादा, तू मला विचार. देशील का, असं एकदा विचार."